आज पोदेर सोडून कोणाशी बोललात? गोव्यात घरून काम करणाऱ्या चित्रकारांसाठी

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. आठ वर्षांपूर्वी पुण्यातली नोकरी सोडली आणि माशेलजवळ एका वाड्यावर, म्हणजे गावातल्या छोट्या वस्तीत, भाड्याचं घर घेतलं. चिऱ्याच्या भिंती, पुढे पडवी, मागे कुळागर (पोफळी-नारळाची बाग), टेबलावर दिवसभर उत्तरेचा उजेड. चित्रकाराला आणखी काय हवं, असं सगळेच म्हणाले, मीही म्हणाले.

पहिल्याच जुलैत एका दुपारी प्रकाशकाचा फोन आला आणि ‘हॅलो’ म्हणायला गेले तर घशातून आवाजच फुटेना. सर्दी नव्हती, पडसं नव्हतं. खाकरून घसा मोकळा केला, बोलणं उरकलं आणि मग बसून आठवलं. गेल्या तीन दिवसांत माझ्या तोंडून बाहेर पडलेले शब्द होते ‘चार उंडे’ आणि ‘सुट्टे नाहीत’. दोन्ही पोदेराला, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याला, उद्देशून.

त्यानंतर या एकटेपणावर मी जे काही केलं, त्यातलं निम्मं चुकलं. जे टिकलं ते पायरीपायरीनं खाली देते आहे. चित्रकार, मूर्तिकार, ॲनिमेशनवाले, कापडावर काम करणारे, घरी एकट्यानं हातकाम करणाऱ्या कोणालाही हे लागू पडेल. ‘गोव्यात राहून एकटं कसं वाटतं?’ असं विचारणारे मित्र डिसेंबरात चार दिवस येऊन जातात. त्यांना समजावत बसू नका.

आधी जमवून ठेवायच्या गोष्टी

- एक साधी वही. फोनमधलं ॲप नको, कारण फोन उघडला की माणूस भलतीकडे जातो.
- ओळखपत्र आणि भाडेकरार यांच्या दोन-दोन प्रती, पासपोर्ट आकाराचे चार फोटो. ग्रंथालयाचं सभासदत्व, पोलीस ठाण्यातली भाडेकरू पडताळणी, सगळीकडे उपयोगी पडतात. (पडताळणीच्या रांगेत माझी या गावातली पहिली ओळख झाली, तेव्हा तो हेलपाटा वाया गेला असं समजू नका.)
- झोळीत मावेल एवढंच रेखाटनाचं सामान.
- तुमचं काम छापून आलेली एक वस्तू. ‘ऑनलाइन काम करते’ म्हटलं की वाड्यावर त्याचा अर्थ ‘काही करत नाही’ असा होतो. ‘पुस्तकांतली चित्रं काढते’ म्हणून पुस्तक हातात दिलं की शेजारची आजी चष्मा शोधायला उठते.
- फोनमध्ये १४४१६ हा क्रमांक. तो कशाला, ते शेवटच्या पायरीत.

१. आठ दिवसांची नोंद करा, उपाय नंतर

वहीत चार रकाने आखा: कोणाशी बोललो, समोरासमोर की फोनवर, किती वेळ, कशाबद्दल. व्हॉट्सॲप धरायचं नाही. माझ्या पहिल्या तीन दिवसांची नोंद अशी होती. सोमवार: पोदेर. मंगळवार: पोदेर, गॅसवाला. बुधवार: कोणी नाही (पोदेर येऊन गेला, मी झोपले होते).

पण खरा उपयोग पाचव्या रकान्याचा झाला, तो मी नंतर वाढवला. दर दोन तासांनी एक खूण करायची: एकटी आहे आणि बरं चाललंय, तर गोल, एकटी आहे आणि जीव घाबरा होतोय, तर फुली. आठवड्यानं पाहिलं तर सकाळी दहा ते एक नुसते गोल. दुपारीही बहुतेक गोल. फुल्या सगळ्या साडेपाच ते आठच्या रकान्यात दाटलेल्या. एकटेपणाला हिवतापासारखी वेळ असते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. माझी वेळ तिन्हीसांजेची निघाली. एका मैत्रिणीची पहाटेची निघाली, ती चार वाजता उठून छताकडे बघत बसायची.

हे कळलं की निम्मा गोंधळ संपतो. मी तोवर अख्खा दिवस माणसांनी भरायच्या मागे लागले होते आणि त्यापायी सकाळचं कामही बसलं होतं. सकाळच्या एकांताला हात लावायचं कारणच नव्हतं. औषध फक्त साडेपाचच्या पुढे हवं होतं.

खड्डा: नोंद ठेवायला लागलं की पहिले दोन दिवस माणूस वही चांगली दिसावी म्हणून उगाच लोकांशी बोलतो. ते दोन दिवस मोजू नका.

२. दिवसाला दोन टोकं लावा

कार्यालयात जाणाऱ्याचा दिवस बस लावते. तुमचा कोणीच लावत नाही, म्हणून तो रात्री दोनपर्यंत ओघळत जातो. माझ्या वाड्यावर पोदेर दोनदा येतो, सकाळी आणि संध्याकाळी. त्याच्या भोंग्याला मी दिवस बांधला. सकाळचा भोंगा वाजायच्या आत आंघोळ होऊन घरातले नव्हेत असे कपडे अंगावर असलेच पाहिजेत. संध्याकाळचा भोंगा वाजला की ब्रश पाण्यात, दिवा बंद आणि मी फाटकाबाहेर.

मोबाइलचा गजर लावून हे साधत नाही. गजर दाबून गप्प करता येतो, पोदेर मात्र निघून जातो आणि मग रात्री पाव नाही. दोन दिवसांचे उंडे एकदम घेऊन ठेवायचे नाहीत, हा नियम त्यातूनच आला.

तुमच्याकडे पोदेर संध्याकाळी येत नसेल तर दुसरं काही शोधा: देवळातली आरती, शाळेची बस, गाड्यावर भजी पडण्याची वेळ. अट एकच, ती गोष्ट तुमच्यासाठी थांबणारी नसावी.

३. आपली वाट पाहिली जाईल अशी एक जागा मिळवा

या पायरीवर सगळा लेख उभा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते.

सुरुवातीला मला वाटलं, मला माणसं हवी आहेत. म्हणून एका ठिकाणी सामायिक कार्यालयात सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले. टेबलं छान, वायफाय छान, प्रत्येकाच्या कानात इयरफोन. मी नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी गेले नाही आणि त्यानं कोणाचंच काही अडलं नाही. तेव्हा उमगलं की माणसांच्या गर्दीत बसून भागत नाही. ‘आज आली नाही’ असं कोणाच्या तरी ध्यानात आलं पाहिजे. त्यासाठी तिथे तुमच्या वाटणीचं काहीतरी काम असावं लागतं.

चित्रकाराला गोव्यात असं काम मिळणं सोपं आहे. तीन दारं सांगते.

*चित्रशाळा.* इथे गणपतीच्या मूर्ती घडवतात त्या जागेला चित्रशाळा म्हणतात. बहुतेक चित्रशाळा घरच्याच, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या. गोव्यात प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना बंदी आहे, त्यामुळे काम मातीचं आणि संथ. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की रंगकामाला हात कमी पडतात. मी आषाढात एका चित्रशाळेत जाऊन उभी राहिले आणि माझ्या मोडक्या कोकणीत म्हणाले, ‘‘माका रंग काडूंक येतात, मूर्तीचें येना. शिकयतले?’’ म्हाताऱ्या मूर्तिकारांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एक फळी पुढे सरकवली. फळीवर उंदीर. पहिल्या वर्षी मी फक्त उंदीरच रंगवले, सदतीस. डोळ्यांची आखणी मुख्य मूर्तिकाराचीच, तिकडे हात न्यायचा नाही. पीतांबराची किनार मला तिसऱ्या वर्षी मिळाली.

त्या पहिल्या वर्षी एका संध्याकाळी पाऊस फार म्हणून मी गेले नाही. साडेसहाला मूर्तिकारांच्या आईचा फोन आला: ‘‘हुंदीर तशेच उरल्यात गो!’’ उंदीर तसेच राहिलेत. त्या वाक्यानं मला जे बरं वाटलं, ते कुठल्याही पुरस्कारानं वाटलं नसतं. छत्री घेतली आणि गेले.

*जत्रेचं नाटक.* फोंडा तालुक्यात आणि बाहेरही, देवळाच्या जत्रेला किंवा काल्याला गावचे लोक मराठी नाटक बसवतात. तालमी रात्री, देवळाच्या मंडपात नाहीतर शाळेत, महिना-दोन महिने चालतात. नेपथ्य, पडदे रंगवणं, हातातल्या वस्तू बनवणं यांसाठी चित्रकार लागतोच. आणि घाटावरून आलेल्याला एक आयतं काम असतं, प्रॉम्प्टिंग. उच्चार स्वच्छ म्हणून मला पडद्यामागे बसवलं. तिथून नाटक फार वेगळं दिसतं, सगळ्यांच्या टाचा दिसतात. माझ्या वहीचं एक पूर्ण पुस्तक टाचांनी भरलं आहे.

*भजन.* वाड्यावर आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी किंवा देवळात भजन असतं. आवाज नसला तरी टाळ चालतो. आषाढी एकादशीला माशेलच्या देवकीकृष्णाच्या देवळात भजन होतं आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या मैदानावर चिखलकाला. अंगाला तेल चोपडून माणसं चिखलात लोळतात. बघायला जा, वही मात्र प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. देवाधर्माशी तुमचं जमत नसेल तर गावची शाळा धरा. शनिवारी एक तास चित्रकला शिकवतो म्हटलं तर नाही म्हणणारे मुख्याध्यापक मला अजून भेटायचे आहेत.

आत शिरायची रीत: पहिल्या दिवशी काम दाखवायला जाऊ नका, काम मागायला जा. नावापुढे ‘बाब’, ‘बाय’ लावायला शिका, इथे ती आदराची रीत आहे. कोकणी चुकत असली तरी बोला. लोक हसतात, पण त्या हसण्यातूनच बोलणं पुढे जातं. आणि एकच जागा निवडा. मी एका वर्षी तीन ठिकाणी नाव घातलं आणि तिन्हीकडे ‘कधीतरी येणारी’ झाले.

आता मोठा खड्डा. चित्रकार आहे कळलं की वाढदिवसाचे बॅनर, मंडळाचं बोधचिन्ह, लग्नाची पत्रिका, सगळं तुमच्या दारात येतं, फुकट. दुसऱ्या वर्षी एका महिन्यात मी सहा बॅनर केले आणि सातवा मागायला आलेल्या मुलाशी तुसडेपणानं वागले. चूक त्याची नव्हती, मी आधी रेघ ओढली नव्हती. आता माझी रेघ अशी आहे: तिथे येऊन हातानं करायचं काम फुकट, घरी संगणकावर करायचं काम पैशानं. हे एकदा हसत सांगून टाकलं की कोणी राग धरत नाही. उलट आता पत्रिकेचे पैसे वेळेवर येतात, शहरातल्या काही गिऱ्हाइकांपेक्षा वेळेवर.

दुसरा खड्डा ‘मूड आला की जाईन’ हा. गोव्यातल्या ‘संगथ’ या संस्थेनं नैराश्यावरचा एक उपचार इथल्याच दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत करून पाहिला होता. त्याचा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत तो द्यायचा, अशी रचना होती. त्यातलं तत्त्व मला फार पटलं. मन खचलं की माणूस गोष्टी टाळतो, टाळल्या की त्यांतून मिळणारा आनंदही जातो, त्यानं मन आणखी खचतं. म्हणून मनापासून सुरुवात करायचीच नाही. छोटंसं काम ठरवायचं, वेळ लिहायची आणि मन असो-नसो त्या वेळेला करायचं. मन मागून येतं. माझ्या बाबतीत ते साधारण तिसऱ्या उंदरापाशी यायचं.

४. आठवड्यातला एक वार पणजीचा

वार ठरलेला हवा आणि शक्यतो मधला. माझा बुधवार. माशेलहून बाणस्तारी, जुनं गोवं करत बस पणजीला येते. येताना खिडकीशी बसायचं, फोन झोळीत.

बसस्थानकाच्या जवळच पाटो भागात संस्कृती भवनात कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्याची सुरुवात १८३२ ची. तुमच्या घरी जेवढी शांतता आहे तेवढीच तिथेही आहे, फरक एवढाच की इथे पन्नास माणसं मिळून गप्प बसलेली असतात. तो फरक फार मोठा आहे. सभासद व्हायला कागदपत्रं आणि फोटो बरोबर न्या.

तिथून आझाद मैदानाकडे मिनेझिस ब्रागांझा संस्थेची इमारत. दारातल्या भिंतींवर निळ्या अझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या रंगवलेल्या, टाइल्सची चित्रं आहेत, आणि कलादालनात बऱ्याचदा कोणा ना कोणा स्थानिक चित्रकाराचं प्रदर्शन लागलेलं असतं. प्रदर्शनात चित्रकार स्वतः कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेला असतो आणि तुमच्याहून एकटा असतो. जाऊन एक खरा प्रश्न विचारा: कागद कुठला, हा रंग कसा वाळवला. ‘छान आहे’ म्हणून पुढे जाऊ नका.

आल्तिनोच्या टेकडीवर सुनापरान्त हे कलाकेंद्र आहे आणि गोवा कला महाविद्यालयही. हे महाविद्यालय १९७२ चं. त्याआधी गोव्याच्या मुलाला चित्रकला रीतसर शिकायची तर मुंबई गाठावी लागे. सालिगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि मडगावचे लक्ष्मण पै, दोघेही मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले आणि पुढे परदेशी गेले. पै नंतर परत आले आणि १९७७ पासून दहा वर्षं याच महाविद्यालयाचे प्राचार्य होते. आज आपण मुंबई-पुण्याहून उलटे इकडे येतो आणि म्हणतो, इथे आपल्या क्षेत्रातलं कोणी नाही. आहेत. वार्षिक प्रदर्शनाच्या दिवसांत त्या टेकडीवर चढून बघा.

संध्याकाळ, म्हणजे माझी फुल्यांची वेळ, कांपालला कला अकादमीत. चार्ल्स कोरिया यांनी ही इमारत अशी आखली आहे की रस्त्यावरून शिरून थेट मांडवीपर्यंत चालत जाता येतं. काही विकत न घेता, कोणाच्या नजरेत न येता माणसांत बसता येईल अशा जागा फार थोड्या उरल्या आहेत. मराठी नाट्यस्पर्धेच्या दिवसांत तर आठवडाभर रोज कोणी ना कोणी ओळखीचं भेटतं. परतीची बस मात्र आधी विचारून ठेवा. अंधार पडला की गावाकडच्या खासगी बस विरळ होतात. मी दोनदा पायलटच्या, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीच्या, मागे बसून आले आहे, मांडीवर चित्रांचं पाकीट धरून.

उत्तर गोव्यात राहणाऱ्यांना पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीतलं ‘म्युझियम ऑफ गोवा’ जवळ पडेल. डॉक्टरकी सोडून चित्रकार झालेल्या सुबोध केरकरांनी ते उभारलं. रविवारी तिथे व्याख्यानं होतात. पणजीतल्या फोंतेन्यास या जुन्या वस्तीत बसून रेखाटणारे गटही भेटतात. तिथे कोणाच्या पायरीवर न विचारता बसू नका. छायाचित्रं काढणाऱ्यांनी त्या लोकांना आधीच पुरे वैताग आणला आहे.

खड्डा: नोव्हेंबरात इफ्फी हा चित्रपट महोत्सव, डिसेंबरात सेरेंडिपिटी हा कला महोत्सव. पंधरा दिवसांत शेकडो माणसं भेटतात, प्रत्येक जण ‘नक्की भेटू’ म्हणतो आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जी पोकळी येते ती जुलैहूनही वाईट. मी आता महोत्सवात फक्त दोन माणसं निवडते, दोघंही गोव्यातच राहणारी, आणि तिथल्या तिथे जानेवारीची तारीख ठरवते. बाकीच्यांची कार्डं घेते, ती पुस्तकात खूण म्हणून बरी.

५. कामाचा सोबती शोधा

सावंतवाडीची एक मैत्रीण लाकडी खेळणी रंगवते. सोमवारी आणि गुरुवारी दहा ते बारा आम्ही व्हिडिओ कॉल लावून ठेवतो. कॅमेरा हातांवर, आवाज बंद. सुरुवातीला एकेक वाक्य: आज काय करणार. शेवटी दहा मिनिटं: काय झालं. मधे बोलायचं नाही. कोणीतरी शेजारी ब्रश धुतंय एवढं दिसलं तरी हात चालतो.

एकच नियम काटेकोर आहे. त्या दहा मिनिटांत फसलेलं, अर्धवट, खोडलेलं दाखवायचं. पूर्ण झालेलं दाखवायला जग पडलंय. चित्रकारांच्या मोठ्या व्हॉट्सॲप गटांनी एकटेपण वाढतं ते याचमुळे. तिथे रोज कोणाचं तरी प्रदर्शन, कोणाचा तरी करार, खाली नव्वद अभिनंदनं. आपण रात्री अकरा वाजता पायजम्यात ते वाचत बसतो. गट सोडायची हिंमत नसेल तर निदान आवाज बंद करा.

६. पावसाळ्याची तयारी मेमध्येच

इथे वर्षाला जवळपास तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. एकटेपणाचा आणि दमटपणाचा काय संबंध, असं वाटेल. संबंध असा: जलरंग वाळत नाही, कागद मऊ पडतो, काम बिघडतं, वीज जाते, इंटरनेट जातं, रस्त्यावर कोणी दिसत नाही आणि हे सगळं एकाच आठवड्यात होतं. मग आपण नालायक आहोत असं वाटायला लागतं. नालायक नसता, हवा दमट असते.

- कागद घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. पुड्या सुकवून पुन्हा वापरता येतात, पण स्वयंपाकाच्या भांड्यात सुकवू नका.
- चिऱ्याची बाहेरची भिंत पाणी धरते. कागद, कॅनव्हास, पुस्तकं तिच्यापासून हातभर दूर.
- इन्व्हर्टर, निदान एक दिवा आणि राउटर चालेल एवढा.
- जलरंगाची मोठी कामं जुलैच्या तारखांना घेऊ नका. पेन्सिल, शाई, संगणकावरची कामं त्या महिन्यात ढकला.
- घरी येण्याचं कोणाला तरी ठरलेलं आमंत्रण. पावसात बाहेर पडवत नाही, पण चहा ठेवता येतो. माझ्याकडे पावसाळ्यात दर रविवारी चार वाजता ज्याला यायचं त्यानं यावं असं आहे. कधी सहा जण येतात, कधी शेजारचा मुलगा एकटाच येतो आणि सगळी बिस्किटं संपवतो.

७. उत्तराची वाट बघण्याला कुंपण घाला

एकदा मी एका प्रकाशनाला बत्तीस चित्रं पाठवली आणि चार महिने उत्तर आलं नाही. घरात दुसरा आवाजच नसला की त्या गप्प बसण्याला आपणच शब्द पुरवतो: चित्रं वाईट आहेत, आपलं संपलं. शेवटी फोन केला तर कळलं, संपादकानं नोकरी सोडली होती आणि मेल कोणी उघडलीच नव्हती. तेव्हापासून करारात ‘सात कामाच्या दिवसांत प्रतिसाद’ असं लिहून घेते, आठव्या दिवशी फोन करते आणि मेल दिवसातून दोनदाच बघते. तिन्हीसांजेला मुळीच नाही.

८. एवढ्यानं भागत नसेल तर

वहीतल्या फुल्या सकाळच्या रकान्यातही पसरायला लागल्या, दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास राहिलं, झोप किंवा भूक बिघडली, ज्या कामासाठी इथे आलो त्याचीच गोडी गेली, तर ते निव्वळ एकटेपण समजून चालू नका. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी कोणाला तरी सांगायचं आणि फोन करायचा.

१४४१६ ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास चालते, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. बांबोळीला मनोविकार व मानवी वर्तन संस्था हे सरकारी इस्पितळ आहे, तिथे बाह्यरुग्ण विभागात मानसोपचारतज्ज्ञ भेटतात. ओळखपत्र, आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि ही वहीसुद्धा घेऊन जा. ‘कधीपासून?’ या प्रश्नाला आठवून उत्तर देणं कठीण जातं, वहीत तारखा असतात. सकाळी लवकर पोहोचा आणि शक्य असेल तर कोणाला तरी सोबत न्या. चौथ्या वर्षी मी गेले तेव्हा चित्रशाळेतली आई आली होती. वाटेत तिनं कशासाठी जातोय हे एकदाही विचारलं नाही, येताना मात्र म्हापशाच्या मिरचीचा भाव आणि तिच्या सुनेचा स्वभाव दोन्ही सविस्तर सांगितले.

माझ्या फोनमध्ये १४४१६ ‘मानस मावशी’ या नावानं आहे. शेजारच्या मुलाच्या हातात फोन गेला की तो विचारतो, ही मावशी कुठली? मी सांगते, लांबची आहे, पण रात्रीही फोन उचलते.